स्वातंत्र्यलढ्यातील वृत्तपत्रे आणि आपली पत्रे

स्वातंत्र्यलढ्यातील वृत्तपत्रांचा विषय निघाला की आपल्या विद्यार्थ्यांना प्रथम 'केसरी' आठवतो, आणि ते बरोबरच आहे. त्यातील लेखांबद्दल १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांना मंडालेस नेण्यात आले. छापील अक्षराची इंग्रज सरकारला केवढी धास्ती होती, हे यावरून कळते.

परंतु त्याच जुलैमध्ये, त्याच पुण्यात, शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मुली मुरळी म्हणून सोडण्याच्या दुष्ट चालीविरुद्ध त्यांनी त्यात लेखणी चालविली. परकी सत्तेशी झगडणाऱ्या मोठ्या पत्रांत या दुःखाला जागा क्वचितच मिळे.

पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. 'केसरी'ने मात्र त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही छापली नाही! बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव असे. हे पत्र स्वराज्याच्या विरोधात होते, असे काही विद्वान सुचवितात. आम्हास ते पटत नाही. येणाऱ्या स्वराज्यात अस्पृश्यांचा वाटा कोणता, एवढेच ते विचारीत होते. आणि हा प्रश्न तेव्हा दुसरे कोण विचारणार होते?

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. महाडची हकीकत आपल्या लोकांना आपल्याच पत्रातून वाचावयास मिळाली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना शेजाऱ्याने वाचून दाखवावे, अशी ती रीत. अंकातील बहुतेक मजकूर बाबासाहेब एकटेच लिहीत. पैशाच्या अडचणीने हे पत्र १९२९ मध्ये थांबले. १९३० साली 'जनता' सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या आठ महिने आधी, त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले.

'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहेत. विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावेत. 'जनता'चे जुने अंक सभासदांपैकी कोणाच्या घरी पेटीत असतील, तर ते रद्दीत न घालता संस्थेकडे आणून द्यावेत, ही विनंती.