चिंधी फुकटची, मग बटवा दीडशेचा का? जाणून घ्या गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांचे गणित

बचत गटांच्या प्रदर्शनात गोधडीच्या उरलेल्या कापडाचे बटवे, मोबाइल पाऊच, टाचणीच्या उशा दिसतात. किंमत विचारली की गिऱ्हाइकाचे ठरलेले वाक्य येते, ‘चिंध्यांचे एवढे पैसे?’ मग दीडशेचा बटवा शंभराला जातो. कापड विकत आणलेले नाही, हे खरे. मात्र या वस्तूत मुख्य खर्च कापडाचा नसतोच. तो कुठे होतो आणि कमी कसा करता येतो, ते पाहू.

तुकडे उरतात कुठून?

जुन्या पद्धतीच्या गोधडीत, म्हणजे वाकळेत, फारसे काही उरत नाही. वापरलेल्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, वर ठिगळे लावायची आणि धावदोरा घालायचा. बारीक चिंधीही मधल्या थरात खपते. आता विक्रीच्या पॅचवर्क गोधड्यांसाठी अनेकदा नवे सुती कापड मापात कापले जाते. त्यात कडेच्या पट्ट्या आणि कोपरे उरतात.

लहान तुकडा महाग कसा?

दोन तुकडे जोडताना प्रत्येक कडेला साधारण पाव इंच कापड शिलाईत जाते. २ इंचांचा चौकोन चारही बाजूंनी जोडला की १.५ इंचांचा उरतो. क्षेत्रफळ ४ चौरस इंचांवरून २.२५ वर येते, म्हणजे जवळपास ४४ टक्के कापड आत दडते. ३.५ इंचांचा चौकोन घेतला तर हेच प्रमाण सुमारे २७ टक्के असते.

खरा फरक शिलाईत पडतो. बटव्याची ६ इंचांची एक बाजू ३.५ इंचांच्या चार तुकड्यांत होते आणि तीन जोड लागतात. २ इंचांचे तुकडे घेतले तर सोळा लागतात आणि जोड होतात पंधरा. शिलाईची लांबी तिपटीहून जास्त होते. प्रत्येक जोडानंतर इस्त्री फिरवायची, ते वेगळेच.

हातात किती पडतात?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. सोळा-सोळा तुकड्यांच्या बटव्याला कापणे व इस्त्री २५ मिनिटे, दोन्ही बाजू जोडणे ४० मिनिटे, अस्तर आणि नाडी २५ मिनिटे, असे दीड तास लागतात. अस्तर, नाडी, दोरा यांचा खर्च ३५ रुपये. बटवा १०० रुपयांना विकला तर दीड तासाचे ६५ रुपये उरतात, म्हणजे तासाला सुमारे ४३. चार-चार तुकड्यांचा तोच बटवा ५० मिनिटांत झाला, तर तासाला ७८ रुपये पडतात. बारीक तुकड्यांच्या बटव्यालाही हाच दर मिळायचा, तर किंमत दीडशेच्या पुढे ठेवावी लागेल. स्टॉलचे भाडे आणि प्रवासखर्च यात धरलेला नाही.

मग बारीक चिंध्यांचे काय?

तुकडे आधी आकारानुसार वेगळे करावेत. ३ इंचांपेक्षा मोठे तुकडे बटवा, पाऊच यांना. लांब पट्ट्या नाडी, पिशवीचे बंद, केसांचे रबरबँड यांना. २ इंचांखालचे तुकडे जोडत बसू नये. ते टाचणीच्या उशीत भरावेत किंवा वाकळेचीच रीत वापरावी. जुन्या चादरीच्या तुकड्यावर चिंध्या कडेला कड चढवून मांडायच्या आणि मशिनने जवळजवळ सरळ टिपा मारायच्या. मार्जिन दुमडण्याचे, जोड जुळवण्याचे काम वाचते. तयार झालेल्या कापडातून पाऊच, चष्म्याचे कव्हर कापता येते. कडा उघड्या राहत असल्याने टिपा दाट हव्यात.

काय तपासावे?

नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटू शकते, गडद रंग जाऊ शकतो. त्यामुळे तुकडे शिवण्याआधीच धुऊन, वाळवून घ्यावेत. विरलेल्या साडीचे कापड वरच्या बाजूला टिकत नाही, ते आत भरावे. गरम भांडे धरायच्या जाड फडक्यात फक्त सुती कापड वापरावे, कारण पॉलिस्टर उष्णतेने वितळते. शंका असल्यास कापडाचा एक धागा चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून जाळून पाहावा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टरची कडक गोळी होते.

किंमत कशी ठरवावी?

पहिले पाच नग करताना मोबाइलवर वेळ मोजावी. सरासरी वेळेला अपेक्षित तासाच्या मजुरीने गुणावे आणि त्यात साहित्य व स्टॉलचा खर्च मिळवावा. येणारा आकडा गिऱ्हाईक देत नसेल, तर भाव पाडण्याआधी जोड कमी करून पाहावेत. कारण भाव पाडला की तोटा कापडाचा होत नाही, शिवणारीच्या मजुरीचा होतो.