दाताचं इम्प्लांट बसवताय? मशीन कोणतं, यासोबत हात कोणाचा तेही विचारा

दाढ पडली की पूर्वी कवळी किंवा ब्रिज एवढेच पर्याय होते. आता तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यांवरही ‘इम्प्लांट’चे बोर्ड दिसू लागले आहेत. ‘कॉम्प्युटर गाईडेड’, ‘नेव्हिगेशन’ असे शब्दही जाहिरातीत असतात. या शब्दांचा अर्थ काय आणि मशीन असलं की डॉक्टरांच्या अनुभवाची गरज संपते का, हे पैसे भरण्याआधी समजून घेतलेलं बरं.

इम्प्लांट म्हणजे काय?
इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. स्वीडनचे डॉ. ब्रोनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. हाड या धातूला घट्ट धरून ठेवते. त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. नंतर त्यावर दाताची कॅप बसते.

धोका कुठे आहे?
खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते. ओठ आणि हनुवटीची संवेदना तिच्यामुळे असते. ड्रिल तिथपर्यंत गेले तर ओठ बधिर होतो, कधीकधी कायमचा. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. म्हणून नसेपासून किमान २ मिलिमीटर अंतर राखायचे असते.

हे काम बोअर मारण्यासारखं आहे. वरून भोक दिसतं, आत ते सरळ चाललंय की तिरपं, ते दिसत नाही. १० मिलिमीटर खोलीवर ५ अंशांचा तिरपेपणा आला तरी टोक जवळपास १ मिलिमीटर सरकते.

तीन पद्धती
पहिली, मोकळ्या हाताने. डॉक्टर एक्स-रे किंवा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, पाहून अंदाजाने ड्रिल धरतात. यात अनुभवी आणि नवख्या डॉक्टरच्या कामातला फरक सर्वात जास्त दिसतो.

दुसरी, सर्जिकल गाईड. स्कॅनवरून कॉम्प्युटरवर जागा ठरते आणि दातांवर बसणारा प्लास्टिकचा साचा तयार होतो. साच्यातल्या भोकातूनच ड्रिल जाते. त्यामुळे नवख्याचा हातही बराच नेमका चालतो. तरीही ठरलेल्या जागेपासून सरासरी १ ते दीड मिलिमीटरचा फरक पडू शकतो.

तिसरी, नेव्हिगेशन. कॅमेरा ड्रिलचा माग काढतो आणि ते हाडात कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं, मोबाईलच्या नकाशावर गाडी दिसते तसं. पण नजर तोंडाऐवजी स्क्रीनवर ठेवायची असल्याने डॉक्टरांना सरावाशिवाय ती जमत नाही.

मग अनुभव कशाला?
कारण साचाही चुकतो. स्कॅन घेताना रुग्ण हलला, दाताचे माप नीट आले नाही किंवा साचा पक्का बसला नाही, तर चुकीच्या जागी अगदी नेमके भोक पडते. तोंडात एकही दात नसेल तर साचा मऊ हिरडीवर टेकतो आणि हलू शकतो. शेवटच्या दाढेसाठी तोंड पुरेसे उघडत नसेल तर लांब ड्रिल आत जातच नाही. साच्यामुळे थंड पाणी हाडापर्यंत कमी पोचते आणि हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापले तरी त्याला इजा होते.

अशा वेळी कुठे थांबायचं, साचा कधी बाजूला ठेवायचा, हाड कमी असेल तर आधी काय करायचं, हे मशीन सांगत नाही. अनुभवी डॉक्टरांना ते कळतं. गाईडमुळे अनुभवी आणि नवख्यातलं अंतर कमी होतं, मिटत नाही.

पैसे भरण्याआधी हे विचारावे
– सीबीसीटी काढणार का? नस किती अंतरावर आहे, ते स्क्रीनवर दाखवाल का?
– ऑपरेशन स्वतः कोण करणार? नेहमीचे डॉक्टर की बाहेरून येणारे? ते परत गेल्यावर तक्रार आली तर कोण बघणार?
– अशा जागेची किती इम्प्लांट त्यांनी बसवली आहेत?
– गाईड वापरणार का? नसेल तर का नको?
– इम्प्लांटची कंपनी आणि बॅच नंबरचं कार्ड मिळेल का?

एका दाताला भरपूर हाड असेल आणि नस लांब असेल तर अनुभवी डॉक्टर गाईडशिवायही चांगलं काम करतात. त्यामुळे ‘गाईड नाही म्हणजे डॉक्टर वाईट’ असं समजू नये.

शुगर, रक्त पातळ करण्याची किंवा हाडांच्या ठिसूळपणाची औषधं सुरू असतील तर आधीच सांगावं. विडी, तंबाखू आणि मिश्रीची सवयही लपवू नये. विडी-सिगारेट आणि वाढलेली शुगर यामुळे इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, मग ते कितीही नेमकं बसवलेलं असो.

भुलीचा असर उतरल्यावरही ओठ बधिर राहिला तर ‘होईल बरं’ म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. नसेवर दाब आला असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत स्क्रू काढल्यास संवेदना परत येण्याची शक्यता जास्त असते.