वॉलाय मासेमारीतील क्रँकबेट

क्रँकबेट हे लाकूड किंवा प्लॅस्टिकपासून बनवलेले, लहान माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष आहे. उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यात आढळणाऱ्या वॉलाय (शास्त्रीय नाव: सँडर व्हिट्रियस) या माशाच्या मासेमारीत ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

आकार

आमिषाच्या पुढील टोकास ओठासारखी पट्टी असते. दोरी ओढली असता या पट्टीवर पाण्याचा दाब पडून आमिष डोलत खाली जाते. लांब व आडवी पट्टी असलेले आमिष अधिक खोल जाते, तर आखूड व उभी पट्टी असलेले उथळ राहते. थंड पाण्यात मासे मंदावतात. त्यामुळे तेव्हा हलके डोलणारी सडपातळ आमिषे, तर उबदार पाण्यात जोरात डोलणारी फुगीर आमिषे निवडली जातात.

रंग

वॉलायच्या डोळ्यांतील प्रकाश परावर्तित करणाऱ्या थरामुळे त्यास अंधूक प्रकाशातही दिसते. त्याच्या डोळ्यांतील शंकुपेशी मुख्यतः हिरव्या आणि नारिंगी-लाल प्रकाशास संवेदनशील असतात. स्वच्छ पाण्यात सहसा चंदेरी व नैसर्गिक रंग, तर गढूळ पाण्यात भडक पिवळे-हिरवे व नारिंगी रंग पसंत केले जातात. मात्र गढूळपणाचे कारणही महत्त्वाचे ठरते. ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी ईरी सरोवरात केलेल्या अभ्यासात स्वच्छ पाण्यात पांढरी, गाळाने गढूळ झालेल्या पाण्यात पिवळी, तर शैवालाने हिरव्या झालेल्या पाण्यात काळी आमिषे अधिक यशस्वी ठरली. पाण्याचे प्रदूषण माशांच्या दृष्टीवर व भक्ष्य शोधण्यावर परिणाम करते, याकडे हे निष्कर्ष निर्देश करतात.