धुराड्यापाशी शेवाळ : सत्तर वर्षांचा हिशेब

१९५१ साली अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, एका इमारतीच्या गच्चीवर, पारदर्शक प्लास्टिकच्या रुंद नळ्यांमध्ये क्लोरेला हे हिरवे सूक्ष्म शैवाल वाढवण्यात आले. कार्नेगी संस्थेसाठी आर्थर डी. लिटल कंपनीने हा प्रयोग केला. वाढ जोमाने व्हावी म्हणून पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा सोडली जात होती. तेव्हा हवामानाची चिंता कुणालाच नव्हती. जगाच्या वाढत्या लोकसंख्येला प्रथिने कुठून पुरवायची, हा प्रश्न होता. पुढे २००४ मध्ये त्याच शहरात एमआयटीच्या वीजकेंद्राच्या छतावर पुन्हा शेवाळाच्या नळ्या उभ्या राहिल्या. या वेळी त्यांत वीजकेंद्राचा धूर सोडला होता आणि उद्देश होता धुरातला कार्बन पकडण्याचा. या दोन प्रयोगांच्या मधल्या आणि नंतरच्या काळाकडे सलग पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. शेवाळ कार्बन घेते, याविषयी कधीच वाद नव्हता. ते वर्षभरात किती जागेवर किती घेते आणि घेतलेला कार्बन पुढे कुठे जातो, हे दोन प्रश्न मात्र दर लाटेत मागे ढकलले गेले. त्यांची उत्तरे बऱ्याच आधीपासून उपलब्ध होती, म्हणून हे अधिक खटकते.

कल्पनेचा पाया घातला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विल्यम ऑसवाल्ड यांनी. सांडपाण्याच्या उथळ तळ्यांत शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १९६० मध्ये क्लॅरेन्स गोलुकी यांच्यासह मोठ्या तळ्यांतले शेवाळ कुजवून मिथेन आणि त्यातून वीज मिळवण्याचा आराखडा मांडला. तेलटंचाईच्या दशकात या कल्पनेला सरकारी पैसा मिळाला. १९७८ ते १९९६ या काळात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जलवनस्पतींवर एक कार्यक्रम चालवला आणि त्यावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले. कोळशाच्या वीजकेंद्रांचा कार्बन डायऑक्साइड तळ्यांत सोडून तेलयुक्त शेवाळ पिकवायचे आणि त्याचे बायोडिझेल करायचे, हा त्याचा गाभा होता. संशोधकांनी ३,००० हून अधिक वाण गोळा केले. न्यू मेक्सिको राज्यात रॉसवेल येथे प्रत्येकी हजार चौरस मीटरची तळी खोदून त्यांत पॅडलच्या चाकांनी पाणी फिरते ठेवले. तिथली दोन निरीक्षणे आजही समोर ठेवण्यासारखी आहेत. पाण्यात सोडलेल्या वायूपैकी ९० टक्क्यांहून अधिक वायू वापरला गेला. एखाद्या उत्तम दिवशी दर चौरस मीटरमागे ५० ग्रॅम उत्पादन मिळाले, पण सरासरी १० ग्रॅमच्या आसपास राहिली, कारण वाळवंटातल्या थंड रात्रींनी पाणी गार पडत होते. १९९८ च्या समारोप-अहवालाने स्पष्टच लिहिले की उत्पादनाविषयी धाडसी गृहीतके धरली तरी हे डिझेल खनिज डिझेलच्या दुप्पट महाग पडेल. एखाद्या सरकारी कार्यक्रमाने आपल्याच कामाचा इतका प्रामाणिक आढावा घ्यावा, याबद्दल मला आदर वाटतो. जपानने नव्वदच्या दशकात बंद नळ्या आणि प्रकाशवाहक तंतू वापरून वेगळी वाट चोखाळली. तीही खर्चापायी थांबली.

एमआयटीच्या छतावरचा प्रयोग ग्रीनफ्युएल टेक्नॉलॉजीज या कंपनीचा होता. स्वच्छ उन्हाच्या दिवशी नळ्यांतून जाणाऱ्या धुरातला ८२ टक्के आणि ढगाळ दिवशी ५० टक्के कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याचे कंपनीने जाहीर केले, आणि हे आकडे जगभर छापून आले. पण ही टक्केवारी नळ्यांत सोडलेल्या धुराची होती. वीजकेंद्राच्या एकूण धुरातला किती भाग नळ्यांत सोडला, हे त्यातून कळत नव्हते. रात्री शेवाळ कार्बन बांधत नाही आणि धुराडे रात्रीही चालू असते, ही साधी गोष्टही त्या आकड्यात बसत नव्हती. ॲरिझोनातल्या रेडहॉक वीजकेंद्रापाशी २००७ मध्ये शेवाळ इतक्या वेगाने वाढले की ते काढून घ्यायला यंत्रणा पुरेना आणि वाढ थांबवावी लागली. त्याच वर्षी क्रॅसेन दिमित्रोव्ह या शास्त्रज्ञाने जमिनीवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापासून सुरुवात करून हिशेब मांडला आणि हा व्यवसाय नफ्यात येऊ शकत नाही, असा निष्कर्ष काढला. मे २००९ मध्ये कंपनी बंद पडली.

तो हिशेब आपल्याकडच्या आकड्यांत मांडून पाहू. कोळशावर चालणारा ५०० मेगावॉटचा एक संच ७० टक्के भाराने वर्षभर चालला तर सुमारे ३० लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शेवाळाच्या कोरड्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणजे एक किलो शेवाळ वाढायला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. रॉसवेलच्या सरासरीच्या दुप्पट, म्हणजे दर चौरस मीटरमागे रोज २० ग्रॅम उत्पादन, तेही पावसाळ्यासकट बारा महिने मिळेल असे धरले, तरी एक हेक्टर तळे वर्षाला १३० टनांच्या आसपास वायू बांधते. एका संचासाठी सव्वादोनशे चौरस किलोमीटर तळी लागतात, बृहन्मुंबईच्या क्षेत्रफळाच्या एक तृतीयांशाहून जास्त. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, म्हणजे असे जवळजवळ सहा संच. शिवाय ही तळी फूटभरच खोल असतात आणि त्यांतले शेवाळ फार विरळ असते. लिटरमागे अर्धा ग्रॅम धरला तर एक किलो कोरडे शेवाळ हाती यायला दोन हजार लिटर पाणी गाळावे लागते, मग ते शेवाळ वाळवावे लागते. पंप, चाके, गाळणी, वाळवणी या सगळ्यांना वीज लागते. शेवाळाला नत्र लागते, ते खतातून येते आणि खतकारखानाही कार्बन सोडतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात उघड्या तळ्यांतून किती पाणी उडेल, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा की जनुकीय बदलांनी उत्पादन कितीतरी वाढवता येईल. एक्झॉनमोबिल आणि सिंथेटिक जीनोमिक्स यांनी २००९ पासून नेमका हाच मार्ग धरला आणि २०१७ मध्ये एका वाणातील तेलाचे प्रमाण २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपलीकडे नेले. विज्ञान म्हणून ही मोठी झेप होती. पण तेलाचा वाटा वाढला म्हणून तळ्यावर पडणारे ऊन वाढत नाही, आणि कार्बन किती बांधला जाणार हे शेवटी उन्हावर ठरते. २०२३ च्या सुरुवातीला एक्झॉनमोबिलनेही या संशोधनातून अंग काढून घेतले. दुसरा आक्षेप, उभ्या नळ्या लावल्या तर जागा वाचेल. नळ्या उभ्या केल्या तरी एका एकरावर ऊन एका एकराचेच पडते. त्यांची सावली शेजारच्या नळ्यांवर पडते. दिव्यांचा प्रकाश द्यायचा तर वीज लागेल, आणि ती बहुधा त्याच कोळशातून येईल. तिसरा, स्वस्त तेलाने या उद्योगाचा घात केला. यात तथ्य आहे, पण २००८ च्या उन्हाळ्यात तेल पिंपाला १४० डॉलरच्या वर गेले तेव्हाही शेवाळाचे इंधन त्याच्याशी स्पर्धा करू शकले नाही.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे : एका हेक्टरवर शेवाळ झाडांपेक्षा कितीतरी वेगाने कार्बन बांधते. पण सागाच्या खोडात गेलेला कार्बन अनेक दशके टिकतो. शेवाळाचे डिझेल केले तर तो कार्बन गाडीच्या धुरातून हवेत जातो, कोंबड्यांना किंवा माशांना खाऊ घातले तर काही आठवड्यांत त्यांच्या श्वासातून. एकच कार्बन दोनदा वापरल्याने जमिनीतले थोडे खनिज तेल वाचते, हा फायदा खरा आहे. त्याला कार्बन पकडून साठवला असे म्हणणे चूक आहे.

आपल्याकडेही ही लाट येऊन गेली. ओडिशात अंगुल येथे नाल्कोच्या वीजकेंद्रापाशी छोटा प्रकल्प उभा राहिला. जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ रिलायन्सने फ्लोरिडाच्या अल्जेनॉल कंपनीबरोबर प्रात्यक्षिक सुरू केले आणि २०१५ मध्ये ते जाहीर केले. त्याच वर्षी अल्जेनॉलचे संस्थापक कंपनीतून बाहेर पडले आणि कंपनी इंधनापासून दूर सरकली. जे टिकले ते वेगळ्याच जागी टिकले : स्पिरुलिना, बीटा-कॅरोटिन, अस्टाझँथिन यांसारखी महाग उत्पादने, मत्स्यबीज केंद्रांतले खाद्य, आणि ऑसवाल्ड यांनी सुरुवात केली होती ते सांडपाण्याचे शुद्धीकरण. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद फुकट मिळतात, पाणीही असतेच, आणि शेवाळ काढून घेतले की नदी थोडी स्वच्छ होते. आपल्या नगरपालिकांसाठी यात खरोखर करण्यासारखे काम आहे.

भारतात २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली आहे. धुराड्यापाशी शेवाळ वाढवणारा एखादा प्रकल्प उद्या तिच्या दारात क्रेडिट मागायला आला, तर अधिकाऱ्यांनी त्याच्याकडून उन्हाळ्यातल्या एका दिवसाची टक्केवारी स्वीकारू नये. रात्री आणि पावसाळा धरून वर्षभराचे टन, त्यासाठी लागलेली जमीन, पाणी, वीज आणि खत, आणि वाळवलेले शेवाळ शेवटी कुठे गेले याची नोंद, एवढे कागद आल्याशिवाय एकही क्रेडिट देऊ नये.