कावळा-साळुंकीचीही नोंद हवी

हिवाळा आला की नांदूर मध्यमेश्वरपासून गोव्यापर्यंत पक्षी महोत्सवांची लगबग सुरू होते. पहाटे दुर्बिणी गळ्यात अडकवून निघालेली मंडळी, 'आज किती झाले?' ही चहाच्या टपरीवरची पहिली चौकशी, आयुष्यात प्रथमच दिसलेल्या पक्ष्याला 'लायफर' म्हणत होणारा आनंद, ही या जगाची ओळख. आकड्यांच्या या वेडावर बाहेरचे हसतात. पक्ष्यांवर जीव असलेले काही जाणतेही कुरकुरतात, की पक्षी पाहायचा सोडून यादी कसली भरता? मला मात्र वाटतं, या संस्कृतीत जपण्याजोगं सर्वांत मोलाचं काही असेल तर ती यादीच. खोट यादीत नाही, ती अर्धवट ठेवण्यात आहे. दुर्मीळ पक्षी तेवढा टिपायचा आणि कावळा, साळुंकी, पारवा सोडून द्यायचा, ही सवय तिचं मोल घालवते.

मोजण्याची ही चुरस मुळात शिकारीतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नाताळला गट पाडून शिकारीची स्पर्धा होई आणि जास्त जीव मारणारा गट जिंके. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने १९०० साली सुचवलं, की मारू नका, मोजा. त्या वर्षी २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. चुरस राहिली, बंदूक गेली, आणि तेव्हापासून दरवर्षी होत आलेली ती गणना आज अभ्यासकांच्या मोठ्या कामाची ठरली आहे. भारतात २०१३ पासून दर फेब्रुवारीत चार दिवसांची अशीच गणना होते. तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि १७८ जातींना संवर्धनात अग्रक्रम द्यावा असं म्हटलं आहे. त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद नीलपंखाची आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन अनेक ठिकाणी शुभ मानतात, तारेवर बसलेला दिसला तरी ज्याच्यासाठी कुणी गाडी थांबवत नाही, तो पक्षी तीस टक्क्यांहून अधिक घटल्याचं दिसलं. निरीक्षकांनी 'हा तर नेहमीचाच' म्हणून त्याला वगळलं असतं, तर ही घट कुणाच्या ध्यानातही आली नसती.

हौशी माणसांच्या नोंदींवर विसंबायचं कसं, असा आक्षेप रास्त आहे. नवखा माणूस शिक्रा आणि कोकीळकुळातला पावशा यांत हमखास गोंधळतो. पण विचित्र वाटणारी नोंद त्या भागातले जाणकार तपासतात, पुरावा मागतात. शिवाय अशा अभ्यासात एकट्या यादीला फारसा अर्थ नसतो. शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादा पक्षी आला, हे प्रमाण वर्षानुवर्षं कसं बदलतं ते पाहायचं असतं. म्हणूनच यादी पूर्ण हवी. दिसलेलं सगळं लिहिलं, तरच न दिसलेल्यालाही अर्थ येतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. गर्दी पक्ष्यांना जाच करते. फोटोसाठी घरट्याजवळ घुटमळणं, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणं, थवा उडावा म्हणून रोहित पक्ष्यांच्या अंगावर होडी घालणं, हे क्रौर्यच आहे, त्याला छंदाचं नाव देऊ नये. थवा एकदा उडवला की चरण्याचा वेळ जातो, ताकद खर्च होते. मात्र ही हाव बहुतेक वेळा छायाचित्राची असते. नोंद करणाऱ्याला दुरून ओळख पटली तरी पुरते, पुष्कळदा नुसता आवाज ऐकूनही भागतं. त्यामुळे महोत्सवात उत्तम छायाचित्राऐवजी उत्तम, पूर्ण नोंदवहीला बक्षीस दिलं, तर पक्ष्याजवळ जाण्याची ओढ आपोआप कमी होईल. घरट्याची जागा जाहीर करणाऱ्याला स्पर्धेतून बाद करायलाही आयोजकांनी कचरू नये.

राहिला प्रश्न महागड्या दुर्बिणींचा, म्हणजे हा शहरी सुखवस्तूंचा छंद असल्याचा. महोत्सव पाहुण्यांपुरताच राहिला तर तो आरोप खराच. पण भिगवणजवळच्या कुंभारगावात मच्छीमारच होडीतून लोकांना पक्षी दाखवतात. पाहुणा एक रविवार येतो, मच्छीमार बारा महिने तिथल्या उजनी धरणाच्या पाण्यावर असतो. पाणी कधी उतरलं, रोहित कधी आले, कधी गेले, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाजवळ २०१५ पासून धनेशाच्या नावाने महोत्सव भरतो. तिथल्या न्यिशी समाजात पूर्वी टोपीवर धनेशाची चोच मिरवत, आता तिच्या जागी कृत्रिम चोच लावू लागले आहेत. गावातली माणसं धनेशाची घरटी राखतात आणि त्यांच्या नोंदीही ठेवतात. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यातल्या मंडप-भाषणांच्या खर्चातून पाणथळ जागांकाठच्या गावांतल्या काही तरुणांना दुर्बीण आणि वर्षभर नोंदी ठेवण्याचं मानधन द्यावं.