तारेची यंत्रे आणि वायफायचे जाळे

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंगच्या मोठ्या आवारांत कार्यालय एका टोकाला आणि वजनकाटा फाटकाजवळ असेल, तर काट्याची नोंद कार्यालयापर्यंत कशी पोहोचवावी हा रोजच्या कामातील प्रश्न ठरतो. काट्यावरील संगणकाला किंवा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला बहुधा केबलचेच पोर्ट असते. परंतु लॅनच्या तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटरची असून, कापसाच्या गाड्यांची सतत ये-जा असलेले आवार खोदून फायबर पुरणे खर्चाचे आणि अडचणीचे होते. अशा ठिकाणी ब्रिज म्हणून चालणाऱ्या ॲक्सेस पॉइंटची जोडी उपयोगी पडते.

तारेच्या जाळ्यातील माहिती रेडिओलहरींवर चढवणाऱ्या उपकरणाला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. त्याला एरवी मोबाइल आणि लॅपटॉप जोडले जातात. ब्रिज पद्धतीत मात्र दुसरा ॲक्सेस पॉइंट काट्याच्या खोलीवर बसवला जातो, जो पहिल्याशी हवेतून संपर्क ठेवतो आणि आलेली माहिती केबलने संगणकाला देतो, त्यामुळे संगणकात वेगळे वायफाय कार्ड घालावे लागत नाही.

खरी अडचण पत्त्यांची आहे. जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला 48 बिटांचा मॅक पत्ता असतो आणि वायफायवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे फ्रेमवर, सामान्यतः असे तीनच पत्ते लिहिले जातात, कारण लहरी सोडणारे उपकरण हेच माहितीचे मूळ आहे असे तेथे गृहीत धरलेले असते. ब्रिजमागे केबलने जोडलेला संगणक या गृहीतकात बसत नाही. त्याच्यासाठी चौथा पत्ता लागतो, आणि चार पत्त्यांच्या या पद्धतीला डब्ल्यूडीएस म्हणतात. मानकाने चौथ्या पत्त्याची जागा ठेवली असली, तरी ती वापरण्याची रीत पुरेशी ठरवून दिली नाही, म्हणून निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे या कामात पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. काही उपकरणे मागच्या सर्व यंत्रांच्या जागी स्वतःचाच पत्ता पुढे करून वेळ निभावतात. मात्र मॅक पत्ता पाहून आयपी पत्ता देणारी व्यवस्था असल्यास तेथे गोंधळ होतो.

भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 साली आणि 5 गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा 2018 साली परवानामुक्त झाल्याने मोकळ्या आवारात असे दुवे उभारणे सोपे झाले. मेळघाटात मात्र डोंगर आणि दाट झाडी या लहरींना अडवतात. म्हणूनच राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या धारणी तालुक्यातील हरिसालच्या डिजिटल गाव प्रकल्पात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या, कमी वारंवारतेच्या लहरींचा मार्ग पुढे आला.

वऱ्हाडात ब्रिज बसवणाऱ्याने दोन्ही उपकरणे एकाच कंपनीची, डब्ल्यूडीएस असलेली आणि येथील 45 अंशांपुढच्या उन्हात छतावर टिकणारी घ्यावीत, आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.