वरणावरचा आळ

ताट आणि दुखणं : लेखांक 6

लातूरच्या माझ्या मावशीने दोन वर्षांपूर्वी तुरीचं वरण सोडलं. गुडघे धरले होते आणि डाळ बादी असते, वात धरतो, असं गल्लीतल्या चौघींनी सांगितलं. त्यात तपासणीत युरिक ॲसिड काठावर आलं, तेव्हापासून तिने दह्यालाही हात लावला नाही. आता ताटात भाकर, पातळ भाजी आणि चार वाजता चहाबरोबर बिस्किटं. गुडघे होते तसेच आहेत. मांड्या मात्र उतरल्यात. जिना चढताना ती कठडा धरून स्वतःला एकेक पायरी वर ओढते.

ज्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या बाईने दुखण्यापायी वरण सोडावं, याचं मला फार वाईट वाटतं.

डाळीवर हा आळ आला कुठून? युरिक ॲसिडचे सुईसारखे खडे सांध्यात साचले की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सांधा पेटतो. बहुधा पायाचा अंगठा, तोही रातोरात; पांघरूणसुद्धा सोसवत नाही. हा गाऊट. युरिक ॲसिड प्युरिनपासून तयार होतं, डाळीत प्युरिन असतं, म्हणून डाळ दोषी ठरली. पण अमेरिकेत 47,150 पुरुषांची 12 वर्षं नोंद ठेवून 2004 मध्ये जे समोर आलं ते वेगळं होतं. मांस-मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊटचा धोका वाढलेला, प्युरिन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी वाढलेला नाही, आणि दूधदुभतं घेणाऱ्यांत उलट कमी. म्हणजे मावशीने नेमकं तेच सोडलं, जे सोडायला नको होतं.

शिवाय तिला गाऊट नाहीच, गुडघ्याची झीज आहे. झिजलेल्या गुडघ्याचा भार मांडीचा पुढचा स्नायू झेलतो, आणि स्नायू टिकायला प्रथिनं लागतात. शाकाहारी घरात ती वरणातून, उसळीतून, दह्यातूनच येणार. ती बंद झाली की स्नायू वाळतो, सांध्यावर ताण वाढतो आणि दुखणंही.

खरा प्रश्न पोटाच्या घेराचा आहे. तिथली चरबी नुसती पडून राहत नाही. सूज वाढवणारी रसायनं ती रक्तात सोडत राहते. वजन जास्त आणि गुडघे झिजलेले अशा 454 जणांवर 18 महिने चाललेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळून वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरवलं, त्यांच्या वेदना नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या आणि रक्तातली सुजेची खूणही उतरली. एक किलो वजन गेलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणून सोडायचीच असतील तर ती बिस्किटं सोडावीत.

सुजेचाच विचार करायचा तर नांदेडकडच्या घरांतली जवसाची चटणी जरूर खावी. भाजून कुटलेली, कारण अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. त्यातलं ओमेगा-3 माशातल्यासारखं नाही, शरीर त्याचा थोडाच भाग त्या रूपात बदलतं. त्यामुळे तिला औषध समजू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ किती खावी हे डॉक्टरांनाच विचारावं.

गेल्या रविवारी मावशीकडे गेले तेव्हा कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. "एक वाटीच खाईन, महिनाभर बघते," ती म्हणाली आणि हिंगाची डबी शोधायला लागली.

पुढच्या आठवड्यात : आमवात आणि आहार.